चांदोरकर सरांचं नाक

“वाक जरा,” चांदोरकर सर म्हणाले.

मी वाकले. नोकरीचा पहिला दिवस, अंगावर कोरा सलवार-कमीज, हातात नेमणुकीचं पत्र, आणि हा उंच, किडकिडीत, करड्या मिशीचा गृहस्थ माझ्या भांगापाशी नाक आणून उभा. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि मग माझ्या तोंडाकडे शांतपणे पाहत राहिले.

“काय लावलंय?”

“काही नाही, सर.”

ते नुसते पाहत राहिले.

“म्हणजे परवा लावलं होतं,” मी म्हटलं. “खोबरेल. पण काल केस धुतले.”

“परत जा. आम्ही साबण देतो, त्यानं धू. दोनदा. आणि उद्या ये.”

झालं. पीएचडी होऊन, दोन मुलाखती देऊन मिळवलेली नोकरी, आणि पहिल्या दिवशी मला न्हाण्यासाठी घरी पाठवलं. मी रिक्षात बसून रडले. आई मात्र दार उघडताच हसत सुटली. म्हणाली, “एवढं शिकलीस आणि शेवटी सोवळ्यातच जाऊन पडलीस.”

तिचं काही चुकलं नव्हतं. पुण्याबाहेरच्या टेकडीवर आमची संस्था होती आणि तिथल्या तळमजल्यावरच्या स्वच्छ खोलीत एक दुर्बीण तयार होत होती. ती उपग्रहावर बसून अवकाशात जायची होती आणि ताऱ्यांचा अतिनील प्रकाश टिपायची होती. हा प्रकाश पृथ्वीच्या हवेतून खाली पोचतच नाही, म्हणून दुर्बीणच वर न्यायची. पण हे किरण मोठे मानी. आरशावर तेलाच्या वाफेचा थर बसला, अगदी डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ, तरी त्यांच्या दृष्टीनं आरशाला काजळी फासल्यासारखंच. आणि एकदा दुर्बीण वर गेली की फडकं घेऊन तिथे कोण जाणार? म्हणून तेल नाही, पावडर नाही, गजरा नाही, कुंकू नाही, दाढीनंतर चोपडायचं ते पाणी नाही. आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा डगला, तोंडावर पट्टी, हातात मोजे. आणि त्याआधी, बाहेरच्या खोलीत, चांदोरकर सरांचं नाक.

त्या नाकाचा दरारा असा होता की बेंगळुरूचे उपग्रहवाले लोकही पुण्याला यायच्या आदल्या दिवसापासून साबण बदलत. आमच्यातला इनामदार, जो इलेक्ट्रॉनिक्स बघायचा आणि उरलेला वेळ लोकांच्या नकला करायचा, तो म्हणे, “सरांना माणसाच्या मनात आलेल्या तेलाचासुद्धा वास येतो.” इनामदारानं एकदा लपूनछपून मिशीला काहीतरी लावलं होतं. सरांनी वास घेतला, पाहत राहिले, “काय लावलंय?” म्हणाले, आणि इनामदारानं मिशीसकट मागच्या आठवड्यात लावलेल्या सगळ्या वस्तूंची कबुली दिली.

दुर्बिणीचं नाव अरुंधती. लग्नात नव्या जोडप्याला दाखवतात त्या ताऱ्याचं नाव, पण आमच्या अरुंधतीनं तिकडे बघायचं नव्हतं. तो तारा आणि त्याच्या शेजारचा वसिष्ठ दोघंही इतके प्रखर की आमचा नाजूक डिटेक्टर आंधळा झाला असता. “नावापुरती अरुंधती,” सर म्हणत. “नवऱ्याकडे वर मान करून बघायची सोय नाही बिचारीला.” हा त्यांचा एकमेव विनोद होता आणि तो ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवत.

मला ते आवडायला लागले होते. का, ते सांगणं कठीण आहे. आत गेले की त्या हडकुळ्या माणसाचा चेहराच बदलायचा. आरशापाशी ते इतक्या हळू चालत की पाळण्यात कुणी झोपलंय असं वाटावं. आरसा घडवला गेला तेव्हापासून तो त्यांच्याच ताब्यात होता. पुढच्या वर्षी ते निवृत्त व्हायचे होते, आणि त्याआधी अरुंधतीचं झाकण बंद करून, तिला बेंगळुरूला पोचवून, उपग्रहावर बसेपर्यंत तिच्यापाशी उभं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी ती कधी बोलून दाखवली नाही. पण संस्थेत ती सगळ्यांना माहीत होती.

त्या वर्षी दिवाळीतही चाचण्या चालू होत्या. सुट्टी घ्यायची मुभा होती, पण मी घेतली नाही. नरकचतुर्दशीला पहाटे आईनं उठवलं, पाटावर बसवलं आणि मी अर्धवट झोपेत असतानाच डोक्यावर तेल थापलं. मग उटणं, ऊन पाणी, ओवाळणी. लहानपणापासूनची सवय, त्यामुळे मलाही काही वाटलं नाही आणि एरवी माझा साबण वेगळा ठेवणाऱ्या आईलाही नाही. दहा वाजता मी संस्थेत पोचले. बाहेरच्या खोलीत सर नेहमीसारखे उभे होते.

मी वाकले. त्यांनी श्वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. मी हसून म्हटलं, “दिवाळीच्या शुभेच्छा, सर.”

“तुलाही,” ते म्हणाले. “जा आत.”

डगला चढवताना मी टोपीची नाडी बांधायला हात वर केला आणि मनगटाचा वास नाकात शिरला. उटण्याचा. मग केसांचा. मोती साबण, सुगंधी तेल, कचोरा. अख्खी दिवाळी माझ्या अंगावर होती. आतलं दार दोन पावलांवर. मी डगला उतरवला आणि बाहेर आले.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“घरी गॅस चालू राहिलाय बहुतेक, सर.”

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. “जा, बघून ये,” म्हणाले.

मी घरी गेले, त्या साबणानं दोनदा न्हाले आणि ओल्या केसांनी परत आले. पण डोक्यातून एक गोष्ट जाईना. माझ्या अंगाचा वास रस्त्यावरच्या माणसालाही आला असता, आणि चांदोरकर सर म्हणाले, जा आत.

दुपारी मी गच्चीतून खाली पाहिलं. आमच्या आवारात सातविणीचं मोठं झाड होतं. दिवाळीच्या सुमारास ते फुललं की त्या उग्र वासानं डोकं उठायचं. त्या दिवसांत आम्ही सगळे त्या बाजूनं जातच नसू, खिडक्याही बंद. आणि त्या झाडाखालच्या बाकावर सर दरवर्षीप्रमाणे डबा उघडून, एकटेच, चवीनं जेवत बसले होते. आम्ही त्याला त्यांचा विक्षिप्तपणा समजत होतो.

मागच्या हिवाळ्यात ते तापानं बरेच दिवस घरी होते, हे मला तेव्हा आठवलं. तापात कधीकधी वास जातो. म्हणजे त्यांचा गेला होता आणि ते लपवत होते.

मला काय करावं सुचेना. हे सांगितलं तर सर बेंगळुरूला जाणार नाहीत, कोणीतरी दुसरा जाईल. न सांगितलं तर आरसा उघडा, आणि आता तर परकी माणसं येणार: उपग्रहाचे अभियंते, छायाचित्रकार, समिती. झालं-गेलं ठीक होतं. खोलीत साक्षी आरसे ठेवलेले असायचे, बोटाच्या पेराएवढे. जो थर मोठ्या आरशावर बसेल तोच त्यांच्यावर बसणार, म्हणून ते नेमानं बाहेर नेऊन तपासायचे. मीच ते तपासले होते आणि ते निर्मळ होते. पण साक्षी गुन्हा झाल्यावर बोलतात, आधी नाही.

आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, “त्यांना येत नाही तर तू घे की वास. तुला येतो ना?”

“आणि सगळ्यांदेखत सांगू?”

“सांगायचं कशाला? घरात पाहुणे असताना मी तुला काय करते, जास्त खायला लागलीस की?”

खोकते. आई पाहुण्यांसमोर खोकते.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बाहेरच्या खोलीत फळ्यावर काहीबाही लिहीत उभी राहू लागले. तिसऱ्या दिवशी छायाचित्रकार आला. चकाचक दाढी केलेला, हसतमुख. वाकला. सरांनी श्वास घेतला, त्याच्याकडे पाहिलं. तो हसतच होता. सरांचे ओठ ‘जा’ म्हणायला उघडले आणि मी खोकले.

सरांची नजर माझ्याकडे वळली आणि पुन्हा त्याच्याकडे गेली.

“काय लावलंय?”

“अं... ते दाढीनंतरचं...”

“परत जा.”

त्यानंतर आमचं छान जमलं. मी खोकायची, सर विचारायचे, माणूस कबूल व्हायचा. एका अभियंत्याच्या खिशात बडीशेप निघाली, एकाच्या गुडघ्याला मलम. माझ्या खोकल्यामागे काय आहे याची सरांना कल्पना नसावी, असं मी स्वतःला समजावत होते. त्यांचा मान राखून काम होतंय, याचा मला मनातून फार आनंद होता. इनामदार मात्र काळजीत पडला. “मंजिरी, हा खोकला बरा नाही. ज्येष्ठमध आणून देऊ?”

“ज्येष्ठमध आत आणायचं नाही,” सर मागून म्हणाले.

अरुंधतीचं झाकण बंद करायचा दिवस ठरला. ते बंद झालं की थेट अवकाशात उघडणार, त्यामुळे आरसा माणसाच्या डोळ्यांना दिसण्याची ही अखेरची संधी. समितीचे अध्यक्ष डॉ. राजाध्यक्ष त्यासाठी मुद्दाम आले. माणूस मोठा, विद्वान, आणि वाईट अजिबात नाही. फक्त कुणी थांबवायची सवय नसलेला. तुळशीचं लग्न उरकलं होतं आणि शहरात लग्नांचा धडाका सुरू झाला होता. राजाध्यक्ष साहेब सकाळी कुठलंसं लग्न गाठून सिल्कच्या झब्ब्यातच आले. झब्बा बदलून साधा सदरा घातला, हातपाय धुतले आणि बाहेरच्या खोलीत येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे समितीचे लोक, इनामदार, बेंगळुरूचे अभियंते, अशी रांग.

“वाका जरा, साहेब,” सर म्हणाले.

रांगेत कुणीतरी हळूच हसलं. पण साहेब वाकले. टकलावर प्रकाश पडला. मी फळ्यापाशी होते, तिथपर्यंत अत्तर येत होतं.

मी खोकले.

“काय लावलंय?” सरांनी विचारलं.

“काही नाही,” साहेब सरळ होत म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा खोकले, जरा जोरातच.

“साहेब, काहीतरी आहे.”

“चांदोरकर, मी साबणानं हात धुतलेत. तुमच्या माणसानंच साबण दिलाय.” साहेबांचा आवाज अजून खेळकर होता, पण त्याला किंचित धार आली होती. “तुमच्या नाकाची ख्याती मी दिल्लीत ऐकलीय. आहे ना काहीतरी? मग काय आहे ते सांगा. नाव घ्या. बरोबर निघालं तर मी या बाकावर बसून राहतो. नाही निघालं तर मला आरसा बघू द्या, मला विमान गाठायचंय.”

मी पुढे झाले. म्हणणार होते, साहेब, अत्तर आहे, मला येतंय. सरांनी माझ्याकडे न पाहताच हात आडवा केला.

“मला नाव सांगता येणार नाही, साहेब,” ते म्हणाले. “मला वासच येत नाही.”

इनामदाराचं तोंड उघडं राहिलं, ते मी पाहिलं.

“म्हणजे?”

“म्हणजे नाक काम करत नाही. तुम्हाला काय लागलंय ते मला माहीत नाही. पण या मुलीला येतोय. ती दोनदा खोकली. ती उगीच खोकत नाही.” त्यांचा आवाज अगदी साधा होता, साबण कुठला वापरायचा ते सांगताना असायचा तसा. “माझ्या नाकावर विश्वास ठेवू नका. हिच्यावर ठेवा. आणि कृपा करून आत जाऊ नका.”

राजाध्यक्ष साहेब माझ्याकडे वळले. “काय आहे?”

मी जवळ जाऊन वास घेतला. “अत्तर, साहेब. डाव्या हातावर.”

त्यांनी मनगटाची मागची बाजू नाकाशी नेली आणि डोळे मिटले. “भाच्याचं लग्न,” ते हळूच म्हणाले. “मांडवात शिरताना लावतात ना हाताला. मला आठवणसुद्धा नाही.”

ते बाकावर बसले.

“कधीपासून येत नाही?” त्यांनी विचारलं.

“तीस वर्षं होत आली.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

“तरुणपणी आरशांना अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा द्यायच्या कामावर होतो,” सर सांगू लागले. “आधी काच धुवायची असते आम्लानं. एकदा वाफ नाकात गेली. जीव वाचला, वास गेला तो गेलाच. इथे या खोलीचा ताबा मिळाला तेव्हा तो गेलेलाच होता.”

“मग इतकी वर्षं तुम्ही करत काय होतात?” साहेबांनी विचारलं. “लोकांच्या डोक्यांपाशी?”

“पाहत होतो. माणूस वाकला, डोक्यापाशी कुणी श्वास घेतला, की त्याचं त्यालाच आठवतं काय लावलंय ते. तोंडावर येतं. मग मी फक्त विचारायचं.”

रांगेतून पहिल्यांदा इनामदार हसला, मग बाकीचे, आणि शेवटी साहेबही. पण हसू ओसरल्यावर ते गंभीर झाले.

“चांदोरकर, हे आता माझ्या कानावर आलंय. विसरल्याचं सोंग मला करता येणार नाही.”

“करूही नका.”

“आरशाची आत्ताची स्थिती?”

मी साक्षी आरशांचे ताजे आकडे सांगितले. आरसे निर्मळ होते. साहेबांनी ते दोनदा विचारून घेतले.

“बेंगळुरूला आरशाची जबाबदारी या मुलीकडे,” ते म्हणाले. “कागदोपत्री. तिला मदतनीस लागेल. कोण हवा ते तिनं ठरवावं.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी नुसतं सरांकडे बोट दाखवलं.

“चालेल का, चांदोरकर? हिच्या हाताखाली?”

“मला खिडकीजवळची जागा मिळाली तर,” सर म्हणाले.

राजाध्यक्ष साहेबांनी आरसा पाहिला नाही. बाहेरच्या काचेतून लांबूनच झाकण बंद होताना पाहिलं, आणि जाताना सरांना नमस्कार केला.

दुपारी मी सातविणीखाली गेले, नाकाला रुमाल लावून. सर डबा खात होते.

“बस,” ते म्हणाले. “इथे कोणी येत नाही. का येत नाही, ते बरीच वर्षं मला कळलंच नव्हतं.”

“सर, दिवाळीच्या दिवशी तुम्हाला...”

“तू निवांत वाकलीस. तोंडावर काही नव्हतं. म्हणून म्हटलं, जा. मग तू गॅससाठी परत गेलीस आणि ओल्या केसांनी आलीस.” त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. “माझी युक्ती लपवणाऱ्यावर चालते. विसरणाऱ्यावर नाही. त्यासाठी साक्षी आरसे. पण तुला कळलंय, हे मला त्याच दिवशी कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलणार होतो. म्हटलं, आता गर्दी वाढतेय, सगळ्यांना सांगून टाकावं आणि बाजूला व्हावं. दोन दिवस मनाशी जुळवत होतो. तेवढ्यात तू खोकलीस.”

त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

“खोकणाऱ्या माणसाला मी कधी आत सोडतो का? तुला सोडत होतो. तीस वर्षांनी मला वास यायला लागला होता, मंजिरी. तो बंद करवेना.”

मी रुमाल नाकावरून डोळ्यांवर नेला.

“घरी माहीत आहे?” मी जरा वेळानं विचारलं.

“लग्नाच्या आधीच सांगितलं होतं. मला स्वतःचा वास कळत नाही, तेव्हा घरातून अंगाला काय चिकटून येईल ते कसं कळणार? मग घरातच काही ठेवलं नाही. उदबत्ती नाही, पावडर नाही. तिला फुलांचं भारी वेड. माहेरी दारात मोगऱ्याचा वेल होता. माझ्या घरात आल्यापासून तिनं गजरा माळलेला नाही. मी कधी सांगितलं नव्हतं. तिनंच बंद केलं.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “आरसा म्हणतात याला, पण त्याच्यात तिनं कधी तोंड पाहिलं नाही.”

आम्ही दोघं बेंगळुरूला गेलो. विमानात खिडकीची जागा मी त्यांना दिली. बंद झाकणाच्या फटीतूनही वाफ शिरू शकते, म्हणून तिथले लोकही माझ्यापुढे वाकत आणि माझ्यामागे उभे राहून सर त्यांच्या तोंडाकडे पाहत. नाक आणि डोळे मिळून आमच्या हातून एक बामची डबीसुद्धा सुटली नाही.

अरुंधती अवकाशात गेली ती पुढचं वर्ष उलटल्यावर, जानेवारीत. तोवर सर निवृत्त झाले होते. यान कक्षेत पोचलं तरी झाकण लगेच उघडायचं नव्हतं. यानाचे रंग, डिंक, तारांवरची वेष्टणं या सगळ्यांतून अवकाशाच्या पोकळीत बारीक वाफा निघत राहतात, त्या पुरत्या उडून जाईस्तोवर थांबायचं. सरांचा दर आठवड्याला फोन यायचा. एकच प्रश्न: “गेला का तिच्या अंगचा वास?”

“अजून नाही, सर.”

“घाई करू नका.”

शेवटी झाकण उघडायचा दिवस आला. उन्हाळा लागला होता. सगळ्यांना पुण्यातच बोलावलं होतं. झाकण आदल्या दिवशी व्यवस्थित उघडलं, पण तेवढ्यानं काही सिद्ध होत नव्हतं. खरी परीक्षा होती एका श्वेतबटूची. हा एक विझत चाललेला, छोटा, अतिशय तप्त तारा. त्याचा अतिनील प्रकाश नेमका किती, ते पक्कं माहीत आहे, म्हणून नव्या दुर्बिणी आपली नजर त्याच्यावर तपासून घेतात. जमिनीवर आम्ही आरशाची जी ताकद मोजली होती, तेवढाच प्रकाश मिळाला तर आरसा निर्मळ. कमी मिळाला तर कुठेतरी, कुणाचं तरी, काहीतरी आत गेलं.

दुपारी तीनच्या सुमारास आकडे यायचे होते. सर वेळेवर आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी. मी त्यांना प्रथमच पाहत होते. ठेंगण्या, गोऱ्या, हसऱ्या. दारातून आत आल्या आणि अख्ख्या खोलीनं माना वळवल्या, कारण त्यांच्या अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा होता, एक नव्हे, तीन वेढे. उन्हाळ्यातला टपोरा, ताजा मोगरा.

“यांनीच आणला,” त्या मला म्हणाल्या आणि संकोचल्या. “म्हटलं, अहो, आधी आकडे तर येऊ देत. तर म्हणतात, येतील.”

सर पडद्यासमोर बसले. इनामदारानं नक्कल केली नाही, विनोद केला नाही, नखं खात बसला. मग पडद्यावर काळ्या चौकटीत एक पांढरा ठिपका उमटला, आणि शेजारी आकडे सरकू लागले. मी ते जमिनीवरच्या आकड्यांशी ताडून पाहिले. पुन्हा ताडून पाहिले.

“सांग,” सर म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

“तेवढाच आहे, सर. जमिनीवर होता तेवढाच. काहीच गेलं नाही.”

खोलीत टाळ्या सुरू झाल्या. सर उठले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलंही नाही. मग उठले, बायकोपाशी गेले आणि तिला म्हणाले, “वाक जरा.”

त्या एवढ्या लोकांत गोंधळल्या. पण वाकल्या. सरांनी गजऱ्यापाशी नाक नेलं आणि दीर्घ श्वास घेतला, आमच्या प्रत्येकाच्या डोक्यापाशी घेतला होता तसाच. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाट पाहत होते.

मी खोकले.

“काय लावलंय?” त्यांनी बायकोला विचारलं.

“मोगरा,” त्या म्हणाल्या.

परत जा, असं मात्र ते म्हणाले नाहीत.